निळीत बुडालेले हात

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्या दोघांना ड्रायव्हर आणि कंडक्टरीण असंच म्हणत. लग्नाआधी दोन आणि लग्नानंतर चार अशी सहा वर्षं ती त्याच्याच गाडीवर होती. तो पुढे, ती मागे आणि मधे साठ-सत्तर माणसं. मुलगा झाल्यावर तिने पास देण्याच्या खिडकीवर बदली मागून घेतली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ड्रायव्हर सांगायचा, आमचा संसार बेलवर चालला. एक बेल, थांबा. दोन बेल, निघा. भांडायला मधे वेळच मिळाला नाही.

ड्रायव्हरला आजार आला तो हातातून. कप बशीवर वाजायला लागला, सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली, मग पाय फरफटायला लागले. डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव सांगितलं, गोळ्यांच्या वेळा आखून दिल्या, आणि हा बरा करायचा आजार नाही, सांभाळायचा आहे, हेही सांगून टाकलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

सगळ्यात वाईट होतं ते पाय अडणं. चांगला चालत असायचा आणि दाराच्या चौकटीत आला की दोन्ही पाय जमिनीला खिळायचे. अंग पुढे जायला बघायचं, पाय जागचे हलायचे नाहीत. ओढलं तर तोल जायचा, ढकललं तर त्याहून वाईट. "गाडी अडली," तो ओशाळून म्हणायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीने युक्त्या सांगितल्या होत्या. पायापुढे काठी आडवी धरा, फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, मोठ्याने आकडे मोजा. कधी चालायच्या, कधी नाही.

एकदा मोरीच्या दारात तो असाच वीस मिनिटं अडला होता. काठी झाली, आकडे झाले, विनवण्या झाल्या. कंडक्टरीण रडकुंडीला आली होती. त्याच्या मागे उभी राहून, निव्वळ वैतागून, ती म्हणाली, "टिंग टिंग."

आणि पाऊल उचललं.

आधी दोघांनाही कळलं नाही. मग ती इतकी हसली की भिंतीला टेकली, आणि त्याचा चेहरा आजारामुळे हसू विसरला होता तरी खांदे हसत होते. तेव्हापासून त्यांचं तेच चाललं. तो अडला की ती मागून बेल द्यायची आणि तो निघायचा. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही, मुलाला नाही की डॉक्टरांना नाही. साठी उलटलेल्या बाईने नवऱ्यामागे उभं राहून तोंडाने घंटा वाजवायची, हे सांगण्यासारखं होतं का? शिवाय आजाराने त्यांचं सगळं चव्हाट्यावर आणलं होतं, अगदी संडासला जाण्यापर्यंत. एवढं एक दोघांच्यात उरलं होतं, ते तिला तसंच ठेवायचं होतं.

तिचं स्वतःचं दुखणं निघालं ते त्याच्याच तपासणीच्या दिवशी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, आलाच आहात तर तुमचाही रक्तदाब बघू, म्हणून पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा बघितला. मग म्हणाल्या की असंच चाललं तर नवऱ्याच्या आधी तुम्हालाच उचलून आणावं लागेल. गोळी दिली आणि गोळीबरोबर एक छापील कागद दिला. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी कापड रंगवायचा वर्ग. हॉस्पिटलच्या मागचं जुनं धुलाईघर. दर बुधवारी दोन ते चार, सहा आठवडे. खाली फायदे दिले होते. मन शांत होतं, श्वास संथ होतो, झोप सुधारते, हात गुंतले की डोक्याला विसावा मिळतो.

घरी येऊन तिने तो कागद ड्रायव्हरला थट्टेने वाचून दाखवला. तो आरामखुर्चीतून म्हणाला, "जा की. माझी बनियनं ने. पांढऱ्याचा कंटाळा आलाय." ती म्हणाली, आणि तुमच्याजवळ कोण बसणार. विषय तिथेच मिटला असता, पण ड्रायव्हरच्या धाकट्या बहिणीच्या कानावर तो गेला.

ही नणंद शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं, तासाभराच्या अंतरावर एकटी राहायची, आणि एकदा मनावर घेतलं की ऐकायची नाही. तिने फोनवरच ठरवून टाकलं की बुधवारी साडेबाराच्या बसने मी येईन, सहाच्या बसने परत जाईन, तू आपली जायचंस. कंडक्टरीण नाही नाही म्हणत राहिली. खरं तर तिला त्या वर्गाचं काही पडलं नव्हतं. नुसतं दोन तास घराबाहेर बसायचं म्हटलं तरी तिला नको वाटत होतं.

पहिल्या बुधवारी तिने नणंदेसाठी चार पानं लिहून ठेवली. तीनची गोळी कुठल्या खणात, पाणी चमच्याने कसं द्यायचं, उशी कुठल्या बाजूला. मी त्यांना संडासला नेऊन आणूनच निघते, म्हणजे चारपर्यंत उठायचं काम नाही. चौथ्या पानावर तिने लिहिलं, "उठलेच आणि पाय अडले तर घाई करू नका. ओढू नका. काठी आडवी धरा. नाही जमलं तर मला फोन करा." त्यापुढे बेलचं लिहायला तिने पेन टेकवलं. नणंद चष्मा लावून ते मोठ्याने वाचेल, त्याच्यासमोर वाचेल, असं तिच्या मनात आलं. तिने पेन उचललं आणि टोपण लावलं.

धुलाईघर म्हणजे उंच छताची एक लांब खोली होती. भिंतीला ओळीने नळ, मधे सिमेंटचे हौद, आणि फरशीला असा उतार की सांडलेलं पाणी आपोआप जाळीकडे धावायचं. आठ-नऊ माणसं होती. शिकवणारी बाई कापड गिरणीच्या रंगखात्यात तीस वर्षं काढलेली. तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. तिची नखं कायमची निळसर झाली होती. तुमच्या घरी कोण आजारी, काय आजारी, हे तिने कुणालाच विचारलं नाही. प्रत्येकाच्या हातात रुमालाएवढं ओलं कापड दिलं आणि म्हणाली, आज फक्त दोऱ्याने बांधायचं, चुण्या घालून, जितकं घट्ट बांधाल तितकं पांढरं राहील. त्या दिवशी कंडक्टरणीने घरी पाच वेळा फोन केला. पाचही वेळा नणंद म्हणाली की दादा झोपलाय. रंगारीणबाईंनी फक्त फोन कोरड्या फळीवर ठेवत चला एवढं सांगितलं.

दुसऱ्या बुधवारी पिंपाचं झाकण उघडलं. आत नीळ होती, पण निळी दिसत नव्हती. वर तांब्यासारखी चकाकणारी साय आणि खाली पिवळट हिरवं, साचल्यासारखं पाणी. वास जरा उग्र. रंगारीणबाईंनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे वाटले आणि कसं करायचं ते एकदाच दाखवलं. कापड काठावरून अलगद आत सोडायचं, पाण्याखालीच उघडायचं, पाण्याखालीच चाचपायचं. हवा आत गेली तर नीळ बिघडते, म्हणून उचकापाचक करायची नाही. आणि बाहेर काढायची घाई नाही. हळूहळू शंभर मोजायचे.

कंडक्टरणीने हात आत घातले. पाणी कोमट होतं. वरून काही दिसत नव्हतं, बोटांनाच सगळं बघावं लागत होतं. ही चुणी, हा दोरा, ही कडा. वीसपर्यंत मोजताना ती घरीच होती. गोळी दिली असेल का, उशी घसरली असेल का. चाळीसच्या पुढे केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आपण नुसतेच आकडे मोजतोय. खांदे कानांपाशी जाऊन बसले होते ते खाली आले. शंभर झाले, तिने कापड बाहेर काढलं. हिरवंगार होतं. आणि बघता बघता, काही न करता, नुसत्या हवेने, ते कडेकडून निळं होत गेलं. शेजारी एक उंच, वाकलेला माणूस होता, भावाला सांभाळणारा, कुणाशी न बोलणारा. तो तिच्या कापडाकडे बघून म्हणाला, "बघा, आपोआप होतं." त्या महिन्यात तिने त्याच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

त्या रात्री ती झोपली ती सकाळी दूधवाल्याच्या हाकेनेच उठली. ड्रायव्हरने कूस बदलायला हाक मारली नव्हती का, की तिला ऐकू आली नव्हती, या धास्तीने ती ताडकन उठून बसली. तो जागाच होता. म्हणाला, "घोरत होतीस. मी म्हटलं घोरू दे." आठ दिवसांनी रक्तदाब बघितला तर उतरलेला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. तीही खूश झाली, पण तिला एक गोष्ट खटकायला लागली होती. शुक्रवार उजाडला की ती पुढच्या बुधवारची वाट बघायला लागायची. त्याला भरवताना, त्याची बटणं लावताना मनातल्या मनात ती हात पिंपात सोडायची. त्यात चोरी असल्यासारखं तिला वाटायचं.

तिसऱ्या बुधवारी फोन वाजला. हात पिंपात, मोजणी साठावर. तिने कापड तसंच सोडलं, ओले हातमोजे ओरबाडून काढले, फळीपर्यंत धावली. नणंद विचारत होती की चहाची साखर कुठल्या डब्यात असते. दादाला चहा हवाय म्हणतोय. डबा सांगून ती परत आली तोवर कापडाची गोळी होऊन बसली होती, मधे मोठा फिका डाग. रंगारीणबाई म्हणाल्या, असू दे, डागही आपलाच. सगळे हसले, तीही हसली. पण मनातून तिला नणंदेचा राग आला होता, आणि आपल्याला राग आला याची लाजही वाटली.

आणि मग चौथा बुधवार.

त्या दिवशी मोठं कापड होतं, पलंगावर पसरायची चादर. रविवारपासून तिने बसल्या बसल्या ती घडी घालून, चुण्या धरून, दोऱ्याने आवळून तयार केली होती. ड्रायव्हरने दोऱ्याचं रीळ मांडीवर धरून ठेवलं होतं. त्याचा हात हलायचा त्याने रीळ आपसूक सुटत जायचं, आणि तो म्हणाला होता की या हाताला सहा वर्षांनी काम मिळालं. चादर पाण्याखाली उघडणं सोपं नव्हतं. दोन्ही हात कोपरांपर्यंत आत, अंग पिंपावर ओणवं. एक एक चुणी बोटांनी सोडवत ती मोजत होती.

बत्तीसवर फोन वाजला.

तिला साखर आठवली. वाजून वाजून तो बंद झाला. उंच माणसाने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, नणंद असेल, आता दुधाचं पातेलं सापडत नसेल. कुणीतरी हसलं. पंचेचाळीसच्या सुमारास तो पुन्हा वाजला. तिने मोजणी थोडी मोठ्याने सुरू ठेवली.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिला कळलं. पुढे तिने स्वतःला अनेक तऱ्हांनी समजावून बघितलं की नव्हतं कळलं, पण कळलं होतं. साखरेसाठी कुणी तीनदा फोन करत नाही. तिला हेही कळलं की हात बाहेर काढायचे, हातमोजे उतरवायचे आणि सात पावलं चालायचं, एवढंच काम आहे. आणि तिचे हात निघाले नाहीत. तिने ते रोखून धरले असंही नाही. पाणी कोमट होतं, कापड बोटांखाली सैल होत होतं, त्या पिंपात सहा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी हाक मारत नव्हतं, आणि तिला वाटलं, वाजू दे. हे दोन शब्द तिच्या मनात स्पष्ट उमटले. वाजू दे. मग ती शंभरपर्यंत गेली.

चादर काठावर टाकून, हात पुसून तिने फोन बघितला. तिने घरी लावला तर शेजारणीने उचलला. शेजारीण म्हणाली, तू इकडे येऊ नकोस, तिथेच थांब, त्यांना तुझ्याच हॉस्पिटलला आणतायत.

काय झालं ते नणंदेने नंतर सांगितलं, आणि एकदाच नाही, येईल त्याला सांगितलं. तीनच्या गोळीनंतर दादाला संडासला जायचं होतं. थांब म्हटलं, पण त्याला थांबवेना. खोलीच्या चौकटीपर्यंत नीट आला आणि तिथे अडला. तिने काठी आडवी धरली. आकडे मोजले. त्याचे पाय थरथरायला लागले. एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने तिने फोन लावला, एकदा, दोनदा, तीनदा. त्याचा आवाज अगदी खोल गेला होता. तो काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिने कान जवळ नेला.

"बेल म्हणत होता गं, वहिनी," नणंद म्हणाली. "बेल, बेल. बेल दे. मला वाटलं शेजाऱ्यांची बेल वाजव म्हणतोय, मदतीला बोलव म्हणतोय. म्हणून त्याचे हात चौकटीवर ठेवले आणि शेजारच्या दारापर्यंत गेले. चार पावलं. बेलवर बोट ठेवलं आणि मागे धाडकन आवाज झाला."

कंडक्टरीण हॉस्पिटलच्या बाकावर बसून हे ऐकत होती. तिच्या एका हातमोज्यातून पाणी आत गेलं होतं, उजव्या हाताची नखं आणि तळवा निळा झाला होता. तो तिने पदराखाली घेतला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चांगलं झालं, असं सर्जनने सांगितलं. पण गुंगी उतरल्यावर जो ड्रायव्हर बाहेर आला तो अर्धाच आला. कधी तो तिला ओळखायचा, कधी डेपोतला कुणी समजून गाडीचे ब्रेक बघून घे म्हणायचा. परगावचा मुलगा रोज फोन करायचा. आत्याला त्याने एकदाच विचारलं की तू हात का सोडलास. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. नणंद म्हणाली, "चुकलं माझं," आणि फोन वहिनीकडे दिला. आपला फोन त्या वेळी कुठे होता हे मुलाने आईला विचारलं नाही. वर्गात होतीस ना, तुला कसं ऐकू येणार, असं त्यानेच परस्पर सांगून टाकलं, आणि तिने हो म्हटलं.

सहाव्या दिवशी व्यायामवाल्या पोरीने त्याला उभं करायचं ठरवलं. दोघी परिचारिका दोन बाजूंनी, पुढे चौपायी काठी, मागे कंडक्टरीण. वॉर्डात आठ खाटा, भेटायला आलेली माणसं, फरशी पुसणारी बाई. तो उभा राहिला. पोरगी म्हणाली, काका, उजवा पाय. पाय हलला नाही. ती म्हणाली, एक, दोन, तीन. नाही. कंडक्टरणीने घसा खाकरला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "टिंग टिंग."

फरशी पुसणारी बाई थांबून बघायला लागली.

"टिंग टिंग. अहो, टिंग टिंग. निघा."

त्याने मान किंचित वळवली. त्याला ऐकू आलं होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. डोळ्यांत काहीतरी हललं. पाय नाही हलले. तिने पुन्हा बेल दिली, पुन्हा दिली, शेवटी पोरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, काकू, आज पुरे, उद्या बघू. उद्याही बघितलं, परवाही बघितलं. पंधरा दिवसांनी सर्जनने सांगितलं की आता चालण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, घरी नेऊन नीट निजवून ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला, पाठीला जखम होऊ देऊ नका.

मधल्या एका बुधवारी रंगारीणबाई वॉर्डात येऊन गेल्या होत्या. खाटेपाशी क्षणभर उभ्या राहिल्या. तुमची चादर धुऊन वाळवून ठेवली आहे, सवडीने न्या, म्हणाल्या. कंडक्टरीण बरं म्हणाली. खिडकीतून खाली धुलाईघराचं छप्पर दिसायचं. दोनच्या सुमारास ती तिकडे पाठ करून बसायची.

घरी आणल्यावर नणंद आपलं बिऱ्हाड बंद करून इथेच राहायला आली. जेवायला बसायची आणि घास नुसता चिवडायची. शेजारीण आली, औषधवाला आला, की सुरू व्हायची. मीच हात सोडला. चार पावलं गेले. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले होते. कंडक्टरणीला वाटायचं की आता सांगावं. मग वाटायचं, आता सांगून त्याचे पाय येणार आहेत का? मग वाटायचं, पण ही नीट जेवेल तरी. असे कितीतरी दिवस गेले. एका शब्दाने या बाईच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल हे माहीत असून तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण तो फुटला की ते निम्मं आपल्या डोक्यावर येणार, आणि तिथे आधीच जागा नव्हती.

एका दुपारी दोघी मिळून त्याच्याखालची चादर बदलत होत्या. तो डोळे मिटून होता. नणंद त्याला आपल्या अंगावर पेलून धरून होती आणि पुटपुटत होती की अख्खा जन्म मुलींना शिवण शिकवलं, टाका सोडू नका म्हणून ओरडले, आणि मीच—

"वन्सं," कंडक्टरीण म्हणाली. "मला फोन ऐकू आला होता."

नणंदेने वर बघितलं.

"पहिल्यांदा वाटलं, साखरेसारखंच काहीतरी असेल. पण तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला कळलं होतं. तरी उचलला नाही. आणि ते बेल म्हणत होते ना, ते शेजाऱ्यांची बेल नव्हते म्हणत. मला म्हणत होते. आमची एक खूण होती. दोन बेल दिल्या की त्यांचा पाय उचलायचा. मी तुम्हाला लिहून दिलं नाही. लाज वाटली."

नणंदेने त्याला सावकाश उशीवर टेकवलं, चादरीची कडा गादीखाली खोचली, चुणी सरळ केली. मग विचारलं, "का नाही उचललास?"

कंडक्टरणीने उत्तर शोधलं. हातमोजे ओले होते, पिंप बिघडलं असतं, ऐकू नीट आलं नाही. सगळी उत्तरं तयार होती.

"बरं वाटत होतं म्हणून," ती म्हणाली.

नणंद ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "तू सांगायला नको होतंस. इतके दिवस मला निदान माझ्या एकटीचा राग करता येत होता." आणि म्हणाली, "आता मी काय करू, वहिनी? तुझ्यावर चिडू म्हटलं तर तुझं तोंड बघून चिडताही येत नाही." मग ती उठली, पिशवीत दोन कपडे भरले, दादाच्या कपाळावरून हात फिरवला आणि सहाच्या बसने निघून गेली.

पुढचे आठ दिवस कंडक्टरणीने एकटीने काढले. दर दोन तासांनी त्याच्या अंगाखाली हात घालायचे, पाय रोवायचे आणि वळवायचं. एकटीला ते झेपत नव्हतं. दोनदा तो अर्ध्यावर राहिला आणि तिला शेजारणीला हाक मारावी लागली. तिसऱ्या दिवशी तिला त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. तिने हातपाय गाळले नाहीत असं नाही. खाटेच्या दांडीला डोकं टेकून ती थोडा वेळ तशीच बसली. मग उठून मलम लावलं. मुलाने फोन केला तेव्हा आत्या कुठे आहे म्हणून विचारलं. तिने त्यालाही सगळं सांगितलं, तिसऱ्या रिंगसकट. तो म्हणाला, नंतर बोलतो. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याने बाबांच्या गोळ्यांबद्दल विचारलं आणि बाकी काही नाही.

नवव्या दिवशी दुपारी तिने त्याला वळवायला घेतलं आणि तो पुन्हा अर्ध्यावर अडकला. एक हात त्याच्या पाठीखाली, दुसरा गुडघ्याखाली, मागे टेकवता येईना आणि पुढे नेता येईना. कंबरेतून कळ निघत होती. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात दार ढकलल्याचा आवाज झाला. नणंद होती. तिने वहिनीकडे बघितलं नाही. पिशवी भिंतीला टेकवली, नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"कुठली कूस?" तिने विचारलं.

"डावी."

नणंदेने त्याच्या खांद्याखाली हात घातला.